पाचवा लॉकी गिलिस

तुम्ही चोरी केली आहे. शब्द कडू लागला तर लागू दे, याला गोड शब्द नाही. राजधानीतून गाडी घेऊन तुम्ही संग्रहालयवाले ग्लेन हेडला आलात, चर्चच्या सभागृहात बसून आमचा चहा प्यालात, काकवीची बिस्किटं खाल्लीत, टेपरेकॉर्डरचं बटण दाबून म्हाताऱ्यांना म्हणालात, "बोला, अगदी मोकळेपणानं बोला." म्हातारे बोलले. तुम्ही परत गेलात आणि एका माणसाचा पराक्रम उचलून दुसऱ्याच्या फोटोखाली चिकटवून दिलात. ज्या बाईनं तुमच्या कपात चहा ओतला तिच्याच भावाचा तो पराक्रम होता. तिच्याकडे दूध-साखर मागितलीत, नाव मात्र विचारलं नाहीत. तिचं नाव एफी गिलिस.

संग्रहालय उघडायच्या आदल्या आठवड्यात गावातल्या बायकांना साफसफाईला बोलावलं होतं. खाणीतून वर आलेले लोक जिथं अंग धुवायचे त्याच दगडी इमारतीत आता काचेची कपाटं मांडली होती. खाण बंद होऊन किती हिवाळे गेले, तरी भिंतींतून कोळशाचा वास जात नव्हता. एफी बादली घेऊन आत गेली आणि समोरच्या भिंतीवर गोठ्याच्या दाराएवढा फलक पाहून थांबली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "एक नाव, चार नामवंत: लॉकी गिलिस."

चार चौकटी. पहिलीत फिडलवाला लॉकी गिलिस. त्याच्या तबकड्या बॉस्टनपर्यंत विकल्या गेल्या. दुसरीत फादर लॉकी गिलिस, ज्यांनी मच्छीमारांची सहकारी पेढी काढली. तिसरीत हॉकी खेळणारा, दात नसलेला आणि त्याचा अभिमान असलेला लॉकी गिलिस. चौथी चौकट सगळ्यांत मोठी. तिच्यात विधानसभेत गेलेले आणि पुढे मंत्री झालेले माननीय लॉकी गिलिस, हनुवटी वर करून. खाली मजकूर होता. तरुणपणी खाणीत नोकरी करत असताना वायूचा स्फोट झाला, तेव्हा हा शूर पुरुष सुरक्षित जागी पोचूनही माघारी वळला आणि वायुरोधक मुखवट्याशिवाय धुरात शिरून त्यानं दोन सहकाऱ्यांना ओढून बाहेर आणलं.

एफीनं तो मजकूर ओठ हलवत वाचला, मग पुन्हा वाचला. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी बुटावर गळत होतं.

मंत्रीसाहेब तेव्हा खाणीच्या कचेरीत नकाशे काढत. स्फोट झाला त्या दिवशी ते जमिनीच्या वर होते, कोरड्या कपड्यांत. त्यांनी स्वतः हयातीत कधी दुसरं काही सांगितलं नाही, तेवढा खरेपणा त्यांच्यात होता. धुरात शिरला तो एफीचा थोरला भाऊ. त्यानंतर फुप्फुसं निकामी होऊन उरलेलं आयुष्य तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसला, धापा टाकत, बंदरातली होडकी बघत. त्याचं जेवण, त्याची औषधं, त्याच्या छातीला लावायचं तेल, सगळं एफीनं केलं. तो गेला तेव्हा तिच्यापाशी ती खुर्ची राहिली, दुसरं काही नाही.

टाय लावलेले तुमचे गृहस्थ तिथंच शिडीपाशी उभे राहून दिव्यांचं बघत होते. एफी त्यांच्याकडे गेली.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय, मॅडम?"

"हा मजकूर या माणसाचा नाही. माझ्या भावाचा आहे."

"बरं." गृहस्थ शिडीवरून उतरले. सभ्य होते, त्यात शंका नाही. "आपल्या भावाचं नाव?"

"लॉकी गिलिस."

त्यांना हसू आलं. त्यांनी ते आवरलं, पण एफीला दिसलं. "हीच तर मौज आहे ना! नोंदींत इतके लॉकी गिलिस आहेत की आम्ही मोजणं सोडून दिलं. आपले भाऊ नेमके कुठले?"

"खाणीत होते."

"तसे बहुतेक सगळेच होते. मधलं नाव काही? हुद्दा? गावात त्यांना वेगळं कसं ओळखत? मी ऐकलंय, तुमच्याकडे टोपणनावं असतात. तेवढं सांगितलंत तर मी टेप परत ऐकेन."

एफीनं फडकं बादलीत टाकलं.

"तसलं काही नव्हतं," ती म्हणाली आणि बादली उचलून बाहेर आली.

होतं. चांगलं होतं.

ग्लेन हेडमध्ये दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी गिलिसला लागतो, आणि तो "मेलो" म्हणून वळला की त्याचं नाव लॉकी निघतं. स्कॉटलंडहून बोटीत बसून कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर आलेल्या पूर्वजांनी आडनावं मूठभर आणली आणि मुलांना नावं आजोबा-पणजोबांचीच ठेवायची ही रीत आणली. मग माणूस ओळखायचा कसा? टोपणनावानं. ते बापाकडून मुलाकडे येतं, नाकासारखं. फिडल-लॉकी, डावरा लॉकी, कॉलर-लॉकी. मंत्रीसाहेबांचं हे शेवटचं, कारण खाणीत असूनही त्यांची कॉलर पांढरी. खाणीची पगारखिडकीसुद्धा याच नावांनी हाका मारी.

आणि एफीचं घराणं म्हणजे कोंबडी गिलिस.

लांबलेल्या संपाच्या हिवाळ्यात खाण कंपनीनं आपल्या किराणा दुकानाला कुलूप लावलं, तेव्हा तिच्या आजोबांनी पाद्रीबाबांच्या खुराड्यातली एक कोंबडी उचलली. आजी बाळंत होऊन पडली होती आणि घरात पिठाचा कण नव्हता. पाद्रीबाबांच्या घरी काम करणारी बाई बर्फात सांडलेल्या पिसांमागून चालत थेट चुलीपाशी येऊन उभी राहिली. रविवारी पाद्रीबाबांनी क्षमा केली. गावानं क्षमाही केली आणि नावही ठेवलं. आजोबा रोरी कोंबडी, बाप नील कोंबडी, भाऊ लॉकी कोंबडी.

गावाच्या मनात यात विष नव्हतं. ज्याच्या घराण्याला नाव पडलं नाही तो तर उपराच. पण शाळेत एफीच्या पाटीखाली कुणीतरी पिसं ठेवली, वर्गानं "कुक् कुक्" केलं, आणि तिच्या आत काहीतरी कायमचं बंद झालं. शेजारच्या गावी नाचाला गेली असताना एका उंच तरुणानं हसून विचारलं, "तू कोंबड्यांतली का?" बिचाऱ्याला फक्त कुठले गिलिस तेवढंच कळायला हवं होतं. कदाचित पुढं घरापर्यंत सोबत करायला. ती कोट घेऊन बाहेर पडली ती पुन्हा नाचाला गेली नाही. घरात तिनं हुकूम काढला की तो शब्द उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि बाहेरही कानावर आला तर ती बघून घेईल.

गावानं तो हुकूम पाळला. तिथले लोक अशा बाबतीत फार काटेकोर असतात. ज्याला झोंबतं त्याच्या तोंडावर नाव घ्यायचं नाही, मग आकाश कोसळो. त्यामुळे झालं असं, की दुकानात लॉकीच्या गोष्टी रंगात आलेल्या असायच्या, एफी दारात दिसली की हशा कापल्यासारखा थांबायचा. कुणी पाव मागायचं, कुणी हवेबद्दल बोलायचं. तिला वाटे, आपण लोकांना नकोशा आहोत. भाऊ गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, ओटची बिस्किटं आणि रम फिरत होती, आणि तरी त्याच्याबद्दल चार वाक्यं धड कुणी बोललं नाही. कुठल्या लॉकीबद्दल बोलतोय ते सांगायची सोय तिनंच ठेवली नव्हती. सगळे गेल्यावर कप धुताना तिला वाटलं, आपला भाऊ कुणाला ठाऊकच नव्हता.

साफसफाईवरून ती तडक जो बीटनच्या घरी गेली. धुरातून ओढून काढलेल्या दोघांपैकी दुसरा केव्हाच वारला होता. हा जो बीटन तेवढा उरला होता. गाव त्याला 'जो शिट्टी' म्हणे, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता.

"त्या टेपमध्ये काय बरळलास तू?" एफी दारातूनच म्हणाली.

"ये. बस. चहा टाकू?"

"चहा गेला खड्ड्यात. तुला धुरातून कुणी ओढलं?"

"लॉकीनं."

"कुठल्या?"

जो सोलत राहिला. "तुला ठाऊक आहे कुठल्या."

"मला आहे. त्या टायवाल्याला आहे का?"

"मी लॉकी गिलिस म्हणालो. चांगलं नाव-आडनावासकट सांगितलं."

"या गावात नाव-आडनाव सांगणं म्हणजे बंदरात थुंकणं. कुणाला कळणार आहे?"

"अगं, मग काय करू?" जोनं सुरी आपटली. "टेप चालू, आणि तू किटली घेऊन कुठं उभी? माझ्या खांद्यापाशी! तो शब्द काढायचा आणि उकळता चहा मांडीवर घ्यायचा? तो शब्द काढला म्हणून ॲग्नेसचा दात कुणी पाडला होता शाळेत?"

"दुधाचा दात होता तो."

"दुधाचा असो नाहीतर दह्याचा. पडला ना?" तो हसायला गेला आणि खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्याचा आवाज खाली आला. "सगळेच अडखळले, एफी. मी, रॉनल्ड, ती चर्चवाली टेसी. प्रत्येक जण तुझ्याकडे बघायचा आणि नुसतं 'लॉकी गिलिस' म्हणायचा. त्या टायवाल्याला वाटलं असेल, इतक्या आदरानं म्हणतायत म्हणजे मंत्रीच असणार."

एफी खुर्चीवर बसली.

"नाव नाही घेतलंस ते नाही घेतलंस," ती म्हणाली. "निदान कसं काढलं ते तरी नीट सांगायचंस. दोन ओळींत उरकलंस."

"त्या नावाशिवाय ते सांगता येत नाही."

"का?"

जोनं एप्रनला हात पुसले. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"दिवे गेलेले. धूर असा, की स्वतःचा हात तोंडाला लागला तर दुसऱ्याचा वाटायचा. आम्ही दोघं भिंत धरून चाललो होतो आणि चुकीच्या बाजूला चाललो होतो. लांबून माणसं ओरडत होती. 'लॉकी! लॉकी इकडे!' अगं, खाणीत डझनभर लॉकी. कोण कुणाला हाका मारतंय, कुठं जायचं, काही कळेना. आणि तेवढ्यात ऐकू आलं. कुक् कुक् कुक्. कोंबडी पिलांना बोलावते ना, तसं. तोंडावर ओला सदरा बांधलेला असणार, पण आवाज तोच. पाळी सुटली की तो अंग धुवायच्या खोलीत शिरायचा तसाच, पंख झटकत, कुक् कुक् करत. सगळी खोली हसायची. पाणी गार असो नाहीतर पोरं दमलेली असोत."

"खोटं बोलतोस," एफी म्हणाली. "त्याला तो शब्द चालत नव्हता."

"घरात चालत नव्हता. तुझ्यासाठी." जोनं आता तिच्याकडे पाहिलं. "आम्ही त्या आवाजामागून गेलो. त्यानं माझा पट्टा धरला. बाहेर टाकलं आणि परत आत. दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा आतून पुन्हा कुक् कुक् ऐकू आलं, बराच वेळ. मग नुसता खोकला. या वेळी हाकेला कुणी आलंच नाही. शेवटी तो एकटाच बाहेर आला."

खिडकीतली खुर्ची एफीच्या डोळ्यांपुढं आली. इतकी वर्षं ती त्याच्या समोर बसून मोजे विणत होती. तो कधी एक अक्षर बोलला नाही, कारण बोलायचं तर तो आवाज काढावा लागला असता, आणि त्याला उंबऱ्याच्या आत मनाई होती. आख्ख्या गावापाशी तिचा भाऊ होता. तिच्यापाशी होता तो एक खोकणारा माणूस.

"तूच का नाही सांगत त्यांना?" जो म्हणाला. "तू म्हणालीस तर सगळे म्हणतील. तू म्हणेपर्यंत कुणाची छाती नाही."

ती उठली. घरी जाऊन दाराला कडी घातली आणि स्वयंपाकघरात उभी राहून तिनं तो शब्द म्हणून बघितला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव संग्रहालयात लोटलं. सँडविचं होती, फिडल वाजत होतं, मंत्रीसाहेबांची मुलगी निळा कोट घालून आली होती आणि फीत कापायची कात्री हातात धरून फोटोसाठी उभी होती. टायवाल्या गृहस्थांनी भाषण केलं. म्हणाले, एकाच साध्या नावानं या मातीतून चार थोर माणसं उभी राहिली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण डोळ्यांच्या कोपऱ्यातून एफीकडे बघत होता.

"थांबा," एफी म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण फिडल थांबलं.

ती गर्दीतून पुढं आली. काळा कोट, चर्चला जाताना घालायची टोपी. चौथ्या चौकटीखाली उभं राहून ती टायवाल्याला म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, माझ्या भावाला गावात कसं ओळखत. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

कुणीतरी मागं दार लावून घेतलं.

"लॉकी कोंबडी," एफी म्हणाली. "माझा भाऊ लॉकी कोंबडी. आजोबा रोरी कोंबडी, बाप नील कोंबडी. मी एफी कोंबडी. या फोटोखाली लिहिलंय ते त्यानं केलं. कोंबडीसारखा आवाज काढत अंधारात शिरला, म्हणून ही माणसं वाचली. त्याच्याशिवाय दुसरा कुणी लॉकी त्या धुरात गेला असेल तर इथं कुणीही पुढं येऊन सांगावं."

तिला वाटलं होतं, आता गाव बोलेल. शब्द सुटला, आता दार उघडेल. पण इतक्या वर्षांची सवय. माणसं टोप्या हातात फिरवत उभी राहिली, जणू तिनं सगळ्यांसमोर कपडे उतरवले आणि आता बघायचं कुठं ते कळत नाही. रॉनल्डनं खाली पाहिलं. टेसीनं क्रूसाची खूण केली. एफी एकटी उभी होती, तिनं उच्चारलेला शब्द तिच्या शेजारी उभा होता, आणि दोघांना कुणी बसा म्हणत नव्हतं.

मग जो बीटन काठी टेकत पुढं आला. "तोच," तो म्हणाला. "कोंबडीच होता. मी त्याच्या मागून चालत आलो." बाकीच्यांनी माना हलवल्या. माना हलवायला आवाज लागत नाही.

मंत्र्यांच्या मुलीचा चेहरा पडला होता. ती हळूच म्हणाली, "बाबांनी असं काही कधी आम्हाला सांगितलंच नव्हतं. मलाही नवलच वाटलं होतं." भली बाई. तिनं कात्री टेबलावर ठेवली.

आणि तुमचे टायवाले गृहस्थ? त्यांनी घसा साफ केला. एफीला हाताला धरून जरा बाजूला घेतलं, जसं आजारी माणसाला घेतात.

"मिस गिलिस, आपल्या भावना मी समजू शकतो. समितीपुढे मी हे जरूर मांडीन. पण फलक छापून झालाय. आणि असं बघा, कोंबडी वगैरे शब्द सरकारी भिंतीवर... आपल्याच घराण्याच्या प्रतिष्ठेला ते शोभणार नाही. आपण असं करू. खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाकू. 'या घटनेत आणखी एका लॉकी गिलिसचाही सहभाग होता असे सांगितले जाते.' चालेल ना?"

"आणखी एका?" एफी म्हणाली.

"म्हणजे, तसं म्हणायची पद्धत आहे."

"माझ्या घरी आणखी एक नव्हता. एकच होता." तिनं हात सोडवून घेतला. "माझ्या घराण्याच्या प्रतिष्ठेचं मला सांगू नका. ती सांभाळताना काय होतं ते मी बघितलंय. ज्या नावाची तुमच्या भिंतीला लाज वाटते, त्या नावाच्या आवाजामागून हा म्हातारा चालत वर आला आणि आज तुमची सँडविचं खातोय. मी विचारते, लॉकी कोंबडी कुठं आहे? या भिंतीवर बोट ठेवून दाखवा."

गृहस्थांनी भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. माणसं एकेक करून टोप्या घालू लागली, दार उघडलं, बंदराकडचा वारा आत आला. जो तिच्या शेजारी काठीवर भार देऊन उभा राहिला. एफी हलली नाही.

तुम्ही गाडीत बसून निघून गेलात. बारीक अक्षरांतली ती ओळसुद्धा अजून आलेली नाही. समिती बसेल, विचार होईल, हे ऐकायला ती थांबलेली नाही. तिनं विचारलेलं साधं आहे आणि ज्यानं भिंत उभी केली त्यालाच विचारलेलं आहे. लॉकी कोंबडी कुठं आहे? सांगा.